रोड व गाभण गाई आणि जंतांचे औषध : दात्यांच्या माहितीसाठी खुलासा

गुरांच्या छावण्यांसाठी ज्या व्यापारी मंडळींनी, बागाईतदारांनी व इतर सद्गृहस्थांनी साह्य केले आहे, त्यांपैकी कित्येकांनी आम्हांस दोन परस्परविरुद्ध सूचना केल्या आहेत. एक पक्ष म्हणतो की, छावणीत येणारे जनावर रोड असते, रोडपणाचे मूळ पोटातील जंतांत असते, सबब आल्या दिवशीच सर्वांस सरसकट जंतांचे औषध पाजावे. औषधाच्या पेट्या आम्ही पाठवितो. दुसरा पक्ष म्हणतो की, दिवस भरत आलेल्या गाईच्या पोटात असले औषध जाणे म्हणजे गर्भावर घाला होय; तिला ते मुळीच देऊ नये. दोन्ही सूचना सद्हेतूने केलेल्या आहेत, आणि दोहोंतही सत्याचा अंश आहे. परंतु यांपैकी कोणतीही एक जशीच्या तशी अमलात आणली तर दात्यांचा पैसा व गाईचा जीव ही दोन्ही वाया जाण्याचा संभव आहे. ज्याच्या द्रव्याचा विनियोग व्हावयाचा त्यास त्या विनियोगाची कारणे समजून घेण्याचा हक्क आहे, असे आम्ही मानतो. आम्ही पशुवैद्य नव्हे. पुरावा तपासणे एवढाच आमचा व्यवसाय. तेव्हा पशुवैद्यकशास्त्रात आज जे निश्चितपणे ठाऊक आहे, तेवढेच येथे मांडतो.

प्रथम ही गाय कोणती, ते पाहू. माण, आटपाडी, जत, सांगोला या अवर्षणाच्या पट्ट्यातील गाय मुख्यतः खिल्लार जातीची. ही दुभती गाय नव्हे. तिचे दूध थोडे, आणि तेही बहुतेक वासराच्याच वाट्याचे. तिची खरी किंमत तिच्या पोटच्या खोंडात आहे, आणि चांगल्या खोंडासाठी खरसुंडीच्या जत्रेत किंवा सांगोल्याच्या बाजारात गिऱ्हाईक लांबून येते. परदेशांत मांसासाठी पाळलेल्या गाईंचीही व्यवस्था या एका बाबतीत अशीच असते : गाईने वर्षास एक वासरू द्यावे आणि ते स्वतःच्या दुधावर वाढवावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. त्या गाईंवर तिकडे जंतांच्या औषधासंबंधी पुष्कळ परीक्षा झाल्या आहेत, आणि हेतू सर्वस्वी भिन्न असला तरी त्यांतून निघालेले बरेचसे ज्ञान आमच्या खिल्लार गाईस लागू पडते.

दुष्काळात अशी गाय हातची गेली म्हणजे शेतकऱ्याचे भांडवलच गेले. 1899-1900 च्या दुष्काळात गुजरातेत गुराढोरांचा जो संहार झाला, त्यानंतर पाऊस पडूनही नांगर धरावयास बैल मिळेनात, हे जुन्या पेढ्यांच्या घराण्यांतून आजही सांगितले जाते. आमच्याकडे 1972, 2012-13 व 2018-19 या सालांतील दुष्काळ पुष्कळ वाचकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. 2019 च्या उन्हाळ्यात सरकारने छावणीतील मोठ्या जनावरामागे दररोज 100 रुपये व लहानामागे 50 रुपये अनुदान ठरविले होते. त्या रकमेत जनावर जगते. परंतु पोटातील वासरासाठी वेगळी तरतूद त्या हिशेबात धरलेली नसते. ही उणीव भरून काढणे हेच खाजगी दात्यांचे क्षेत्र आहे. कायद्याची एक गोष्टही येथे सांगणे अवश्य आहे. गाईच्या कत्तलीस 1976 च्या अधिनियमाने या राज्यात बंदी आहे, आणि 2015 च्या दुरुस्तीने ती बंदी वळू व बैलांसही लागू झाली. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ज्यास जनावर विकताही येत नाही व पोसताही येत नाही असा मालक छावणीच्या दारात येतो, ही वस्तुस्थिती दात्यांनी ध्यानात घ्यावी.

आता गाईच्या शरीराचा हिशेब. गाय नऊ महिने नऊ दिवसांनी विते, असे आपल्याकडे म्हणतात. शास्त्रीय मोजणीने हा काळ सुमारे 280 ते 285 दिवसांचा असतो. यातील पहिले सहा महिने गर्भ फारसे काही मागत नाही. जन्मतेवेळी वासराचे जे वजन असते, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढते. म्हणजे गाईची गरज ज्या वेळी सर्वांत अधिक, नेमका तोच काळ पुष्कळदा उन्हाळ्यात, वैरण संपल्यावर येतो. शिवाय वाढलेला गर्भ पोटातील जागा अडवितो, त्यामुळे तिला एका वेळी फार कडबा खाताही येत नाही. पुढ्यात कडब्याची गंजी लावली तरी ती उपाशीच राहते. कारण ज्वारीच्या कडब्यात प्रथिनांचा अंश शेकडा तीन-चार एवढाच असतो. मग ती स्वतःच्या अंगावरचे मांस मोडून गर्भास पुरविते. बरगड्या मोजता येऊ लागतात, पाठीचा कणा वर येतो, शेपटीच्या दोन्ही बाजूंस खळगे पडतात. अशी गाय व्यालीच तर चीक थोडा व पातळ, वासरू अशक्त, आणि नंतर ती माजावर येण्यास कित्येक महिने लागतात. म्हणजे एका उन्हाळ्याची उपासमार पुढील वर्षाचे वासरूही बुडविते.

या सर्वांस जंत कारण नाहीत; कारण भूक आहे. जंतांचे औषध म्हणजे वैरण नव्हे, हे आम्ही प्रारंभीच स्पष्ट सांगतो.

तथापि जंत निरुपद्रवी आहेत असेही नाही. गाईच्या चौथ्या पोटात राहणारा रक्तपिपासू गोलजंत हा त्यांतील मुख्य. मेंढीत आढळणाऱ्या त्याच्या जातभाईचे मोजमाप झाले आहे : एक जंत दिवसास सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त घेतो. हा आकडा क्षुल्लक दिसतो. पण असे हजार जंत असल्यास रोज 50 मिलिलिटर रक्त जाते. व्यापारी वाचकांस रोजच्या गळतीचे महत्त्व सांगावयास नको. रक्ताबरोबर प्रथिने जातात, आणि जिला मुळातच प्रथिने मिळत नाहीत तिला ही तूट भरून काढता येत नाही. रक्तातील प्रथिने फार उतरली म्हणजे जबड्याखाली पाणी साचून मऊ सूज येते, डोळ्याच्या पापणीची आतील बाजू पांढुरकी पडते. उलट, ज्या गाईस पेंड मिळते तिची जंतांशी झगडण्याची शक्तीही वाढते. म्हणजे भूक जंतांस बळ देते व जंत भुकेस.

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. ज्या मुलखात पाऊसच पडला नाही तेथे जंत आले कोठून? हा प्रश्न योग्य आहे, आणि सरसकट औषध पाजावे म्हणणाऱ्या पक्षाने त्याचा विचार केलेला दिसत नाही. गोलजंतांची पिले ओल्या गवतावर जगतात. कडक उन्हात व कोरड्या मातीत ती मरतात. तेव्हा अवर्षणाच्या वर्षी माळावर चरलेल्या गाईच्या पोटात जंत थोडेच असण्याचा पुष्कळ संभव आहे. मागील पावसाळ्यात शिरलेल्यांपैकी काही मात्र पोटाच्या अस्तरात सुप्त पडून राहतात आणि पुढील पावसाच्या सुमारास जागे होतात. प्रौढ गाईने या जंतांविरुद्ध बरीचशी प्रतिकारशक्तीही मिळविलेली असते. म्हणूनच धडधाकट प्रौढ गाईंवर झालेल्या परीक्षांचे निकाल एकसारखे नाहीत; कोठे औषधाने लाभ झाला, कोठे काहीच फरक पडला नाही. प्रथमच विणाऱ्या कालवडीत लाभाचा संभव अधिक असतो.

परंतु चपट्या जंतांची, म्हणजे यकृतात राहणाऱ्या पानाच्या आकाराच्या कृमींची गोष्ट अगदी उलट आहे. त्यांची अंडी शेणातून पाण्यात पडतात. तेथे निघालेले पिल्लू पाण्यातील गोगलगाईच्या अंगात शिरते, वाढते, बाहेर पडते आणि पाण्याच्या काठच्या गवतास बारीक कवच करून चिकटून बसते. सुकाळात गुरे माळभर पांगलेली असतात. दुष्काळात माळ करपतो, आणि आटत चाललेल्या तळ्याच्या किंवा पाझर तलावाच्या काठी जो हिरवा पट्टा उरतो, त्यावर आसपासच्या सर्व गावांची गुरे तुटून पडतात. तोच पट्टा कृमींनी भरलेला असतो. कालव्याकाठचे ओले गवत कापून मोठ्या आस्थेने छावणीत पाठविणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. जेथे पाणी तेथे जीव, ही म्हण खरी. पण त्या जिवांत हाही एक आहे. हा कृमी यकृत पोखरीत काही आठवडे हिंडतो, मग पित्तनलिकांत ठाण मांडतो, आणि शेणात त्याची अंडी दिसू लागण्यास तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो.

यावरून आमच्या पहिल्या विनंतीचे कारण कळेल : औषधाच्या आधी शेण तपासावे. ताजे शेण स्वच्छ डबीत घालून, वर गाईच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक लिहून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी पोहोचविले की काम होते. गोलजंतांची अंडी हलकी असल्याने मिठाच्या दाट पाण्यात वर तरंगतात. यकृतकृमीची अंडी जड, ती साध्या पाण्यात तळाशी बसतात. दोन्ही रीतींनी तपासणी करण्यास सांगावे, नाही तर केवळ तरंगणारी अंडी पाहून निर्णय होतो व यकृतकृमी निसटतो. छावणीतील प्रत्येक गाईचे शेण तपासणे शक्य नसल्यास एका गावाहून, एका पाणवठ्यावरून आलेल्या गाईंपैकी काहींचे तपासले तरी त्या कळपाची स्थिती कळते. मात्र एखादीच्या जबड्याखाली सूज असेल, पापणी पांढरी असेल आणि शेणात काहीच सापडले नसेल, तर अंडी दिसण्यापूर्वीची अवस्था असू शकते हे जाणून पशुवैद्याच्या संमतीने औषध द्यावे. संशयाचा फायदा आरोपीस देण्याची आमच्या धंद्यात रीत आहे. येथे तो गाईस द्यावा.

आता दुसऱ्या पक्षाच्या भीतीकडे वळू. ही भीती अडाणीपणाची आहे असे म्हणून ती उडवून लावणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. जुन्या काळी यकृतकृमीवर कार्बन टेट्राक्लोराइड नावाचे द्रव्य पाजीत असत. ते यकृतासच घातक. अशक्त गुरे त्याने दगावत. ज्यांच्या वडिलांनी तसे पाहिले त्यांनी पुढील पिढीस सावध केले, यात नवल नाही. नंतर आलेल्या औषधांपैकीही काहींस मर्यादा आहेत. अल्बेंडाझोल हे आपल्याकडे सर्रास मिळणारे औषध गर्भाच्या पहिल्या 45 दिवसांत देऊ नये, कारण त्या काळात गर्भाचे अवयव घडत असतात व त्यांत व्यंग येण्याचा धोका असतो. परंतु आमच्यापुढील गाय आठव्या-नवव्या महिन्यातील आहे. तिच्या बाबतीत ती अडचण उरत नाही. भीती खरी, पण ती पहिल्या दोन महिन्यांची. ती चुकून शेवटच्या दोन महिन्यांस चिकटली आहे. धोका असा की, छावणीत जी गाय वरून गाभण दिसत नाही तीच नेमकी दीड महिन्याची असू शकते. म्हणून गाभण आहे किंवा कसे याची खात्री नसलेल्या गाईस हे औषध न देणेच बरे.

दिवस भरत आलेल्या गाईस गोलजंतांसाठी फेनबेंडाझोल हे सर्वांत निर्धोक समजतात. गर्भावस्थेच्या कोणत्याही महिन्यात ते चालते व मात्रा थोडी अधिक पडली तरी अपाय होत नाही. आयव्हरमेक्टिन हे सुईने टोचावयाचे औषधही गर्भास बाधत नाही. जपानातील मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून त्याचा उगम झाला, आणि त्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्पबेल या दोघांस 2015 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. परंतु यकृतकृमीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, आणि त्याचे अंश दुधात दीर्घकाळ उतरत राहतात. सबब जिचे दूध व्याल्यावर घरातील मुलांच्या तोंडी जाणार तिला ते या अवस्थेत देऊ नये. यकृतकृमीसाठी आपल्याकडे ऑक्सिक्लोझानाइड वापरतात. तेही गाभण गाईस चालते, मात्र ते प्रौढ कृमींसच मारते; कोवळ्या कृमींसाठी निराळे औषध असते व त्याचा निर्णय पशुवैद्यानेच करावा. येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. बाजारातील पुष्कळ गोळ्यांत ऑक्सिक्लोझानाइडबरोबर लेव्हामिसोल मिसळलेले असते. लेव्हामिसोलची उपयोगी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडे. अधिक झाल्यास तोंडास लाळ सुटते, अंग थरथरते. रोड, जड झालेल्या गाईस ते शक्यतो टाळावे. पेटीवरील मोठे नाव वाचून औषध खरेदी करू नये. दस्तऐवजाची बारीक अक्षरे वाचण्याची जी सवय आपणांस आहे, ती येथेही उपयोगी पडेल.

मात्रा वजनावर ठरते, आणि अंदाजपंचे वजन हा मोठा दोष आहे. कमी मात्रेने जंत मरत नाहीत, उलट औषधास सरावतात. शेळ्यामेंढ्यांत हा प्रकार आपल्या देशातही घडून आला आहे. वजनकाटा नसल्यास फीत पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर व खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत घ्यावी. घेरास घेराने गुणून, त्यास लांबीने गुणून 660 ने भागावे, म्हणजे किलोतील अदमासे वजन येते. घेर 60 व लांबी 50 इंच असल्यास सुमारे 273 किलो. फेनबेंडाझोलची मात्रा दर किलोस 5 ते 7.5 मिलिग्रॅम, त्याप्रमाणे या गाईस दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास औषध लागेल.

पाजण्याच्या रीतीनेही घात होतो. गाईस दोरांनी पाडणे, खोड्यात दाटीवाटीने कोंडणे, भर दुपारी उन्हात रांगेत उभे करणे हे औषधापेक्षा गर्भास अधिक बाधक आहे. सकाळच्या थंड वेळी, ओळखीच्या माणसाच्या हाताने, दावणीवरच औषध द्यावे. तोंड आभाळाकडे ताणून बांबूच्या नळकांड्याने घटाघटा ओतल्यास औषध श्वासनलिकेत जाते व फुप्फुसे सुजून गाय मरते. मग दोष औषधावर येतो. तोंड पाठीच्या रेषेच्या किंचितच वर धरून गालाच्या कडेने थोडे थोडे सोडावे. जी गाय उठूच शकत नाही तिला प्रथम पाणी, खुराक व पशुवैद्य यांची गरज आहे. औषधाचे नंतर पाहावे.

खुराकाविषयी आता अधिक विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण पैसा खरा तेथे लागतो. छावण्यांत उसाचे वाढे पुष्कळ येतात. ते हिरवे दिसतात म्हणून उत्तम समजले जातात, परंतु त्यांत प्रथिने थोडी, आणि ऑक्झलेट नावाचे जे द्रव्य असते ते चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यांवर महिनोन्महिने राहिलेली गाय विण्याच्या वेळी अडचणीत येते. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत कडब्याची कुट्टी द्यावी, आणि क्षारमिश्रण व मीठ यांची जोड द्यावी. परंतु मुख्य वस्तू म्हणजे पेंड. सरकीची वा भुईमुगाची पेंड रोज एक-दीड किलो, विण्याच्या आधी दोन-अडीच महिने मिळाली, तर गाईची स्थिती सावरण्यास वेळ मिळतो. शेवटच्या आठ दिवसांत दिलेल्या खुराकाने पुण्य लागत असेल; गाईचे मांस भरत नाही.

आणि एक कळकळीची सूचना. सणावारी, वाढदिवशी छावणीत येऊन उपाशी गाईंपुढे पोळ्या, भात, ज्वारी-गहू यांच्या पाट्या ओतण्याची रीत वाढत आहे. ज्या पोटास महिनोन्महिने धान्य ठाऊक नाही त्यात एकदम धान्य पडले की ते आंबते, आम्ल होते, आणि गाय एक-दोन दिवसांत आडवी पडते. हे अन्न दात्याने व्यवस्थापकाच्या स्वाधीन करावे. तो ते थोडथोडे करून देईल. पेंडदेखील मूठभरापासून सुरू करून दहाबारा दिवसांत पूर्ण मात्रेवर आणावयाची असते.

गाय व्याली म्हणजे काम संपत नाही. वासरास पहिल्या काही तासांत पोटभर चीक मिळाला पाहिजे. वार पडेपर्यंत चीक पाजू नये ही समजूत वासराच्या जिवावर बेतते. शिवाय एक जंत असा आहे की, ज्याची पिले गाईच्या अंगात झोपून असतात व व्याल्यावर दुधावाटे वासरात उतरतात. आईस औषध पाजून त्यास खात्रीने अडविता येत नाही. वासरासच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात औषध द्यावे लागते. म्हणून आईच्या औषधाचा हिशेब करताना वासराची एक मात्राही त्यात धरावी.

या सर्वांवरून दात्यांस आमची विनंती अशी आहे. औषधाच्या पेट्या परभारे पाठवू नयेत. औषधाचा खर्च एकंदर खर्चात अगदी थोडा असतो, आणि तो शेणतपासणीचा निकाल व पशुवैद्याची चिठ्ठी पाहून करणे बरे. ज्यांस देणगी द्यावयाची आहे त्यांनी ती एका गाभण गाईच्या नावे, तिच्या विण्याच्या अदमासे तारखेपूर्वीच्या 75 दिवसांच्या पेंडीसाठी द्यावी. तपासणी, औषध, क्षारमिश्रण व वासराची मात्रा त्यातच येईल. पेंडीचे व्यापारी पोत्यांच्या रूपाने देऊ इच्छित असल्यास पेंड बुरशी न लागलेली असावी, एवढीच अट. ओलसर गोदामातील भुईमुगाच्या पेंडीत बुरशीचे विष असते, आणि ते गाभण गाईच्या यकृतास सोसत नाही. जमीनदार मंडळींनी कालव्याकाठच्या गवताऐवजी शेतातील कडवळ, मका किंवा वाळलेली वैरण द्यावी. छावणीच्या वहीत प्रत्येक गाईचा बिल्ला, आलेल्या दिवसाचा छातीचा घेर, शेणाचा निकाल, दिलेले औषध व मात्रा, आणि व्याल्याची तारीख यांची नोंद ठेवलेली असते. ती वही कोणाही दात्याने कोणत्याही दिवशी मागून पाहावी.